मालवणला होडीत बसायचंय? कोल्हापुरातून निघण्याआधी भरती, लाटा आणि वारा कसा बघावा

कोल्हापुरातून मालवणला जाणाऱ्यांचं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं. पहाटे पाचला गाडी, गगनबावड्यात चहा, करूळ घाट उतरून कणकवलीत मिसळ, मालवणात पोचेपर्यंत दहा-अकरा. मग किल्ला, मग माशाचं ताट, आणि जेवण झाल्यावर तीनच्या सुमारास देवबागला होडी. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत समुद्रावरचा वारा नेमका त्याच वेळी दिवसातला सगळ्यात जोरात असतो, आणि काही तिथींना खाडीच्या तोंडाशी ओहोटीही तेव्हाच वेगात धावत असते. म्हणजे सकाळचं शांत पाणी आपण घाटात असताना निघून जातं आणि खवळलेल्या पाण्यात आपण म्हाताऱ्या आईवडिलांना आणि पोरांना घेऊन बसतो. म्हणून आधी समुद्राची वेळ बघायची आणि त्यावरून गाडीची ठरवायची. हे घरबसल्या, मोबाइल आणि भिंतीवरचं कॅलेंडर एवढ्यावर जमतं.

पहिलं काम : कॅलेंडरवरची तिथी

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत सिंधुदुर्गात जलपर्यटन बंद असतं, त्यामुळे ते महिने सोडूनच द्या. सप्टेंबरात परवानगी मिळते, पण पावसाळी लाट लगेच बसत नाही. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर मी दिवाळीनंतरच्या तारखा बघतो.

तारीख डोळ्यासमोर आली की तिथी बघा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. हे उधाण. तिथीनंतर एक-दोन दिवसांनी ते सगळ्यात मोठं असतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात येतात आणि फरक कमी होतो. ही भांगाची भरती.

वेळेसाठी किनाऱ्यावर पूर्वापार एक हिशेब चालतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि रोज या वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बऱ्यापैकी बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी लागते. तारीख निवडायला पाऊणपट पुरे आहे. होडीत पाय ठेवायची वेळ ठरवायला मात्र तक्ताच लागतो.

तक्ता वाचायचा कसा

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेकडे ते अंदाज ऑनलाइन मिळतात. मालवण, देवगड, वेंगुर्ला यांपैकी जे बंदर जवळचं असेल तेच निवडा. मुंबईचा तक्ता मालवणला लावू नका; वेळ चुकतेच, उंचीही चुकते. मुंबईत उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं. एखाद्या परदेशी ॲपवर बघत असाल तर वेळा भारतीय प्रमाणवेळेच्याच आहेत ना, हे आधी तपासा. साडेपाच तासांची चूक म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी.

तक्त्यात दिवसाला साधारण चार ओळी असतात : दोन भरत्या, दोन ओहोट्या, प्रत्येकीची वेळ आणि मीटरमधली उंची. दोन्ही भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे आपल्या वेळेची ओळ बघा. आणि नुसता आकडा बघून थांबू नका. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो तेव्हा ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे माहीत असतंच, पण लगेच पुढचा प्रश्न येतो, 'चढतंय की उतरतंय?' समुद्रालाही तोच प्रश्न विचारायचा. दीड मीटर पाणी चढतं असेल तर होडी वाळूला टेकली तरी थोड्या वेळात आपोआप तरंगते. दीड मीटर उतरतं असेल तर टेकलेली होडी काही तास तिथेच.

पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर एकूण फरकाच्या बारा हिश्शांपैकी पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा हलतो. फरक दोन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत पाणी ताशी अर्धा मीटर बदलतं. खाडीतला ओढा, म्हणजे पाण्याची ओढ, सगळ्यात जोरात असते ती याच सुमारास. ओहोटी सुरू होऊन दोन तास झाले की पुढचे दोन तास खाडीच्या तोंडापासून लांब राहा, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

देवबागचा संगम याचं उत्तम उदाहरण. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. पौर्णिमेला सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान पाणी चढतं, वारा कमी असतो, दांड्यांवर पुरेसं पाणी असतं. त्याच दिवशी दुपारी तीनला उधाणाची ओहोटी ऐन वेगात बाहेर ओढते आणि समोरून वायव्येचा खारा वारा लाटा आत ढकलतो. ओढा आणि लाट आमनेसामने आले की लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. समुद्र बाहेर बरा असला तरी तोंडाशी होडी आपटते. अष्टमीला हेच चित्र सौम्य असतं, कारण हलणारं पाणीच कमी.

त्सुनामी आयलंड याच खाडीत आहे. ते ओहोटीला उघडं पडतं आणि चढत्या पाण्यात बुडत जातं. तिथे उतरलात तर परत कधी निघायचं हे उतरण्याआधीच होडीवाल्याशी बोलून घ्या. मालवणच्या पद्मगड किल्ल्याचंही तसंच : ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून लोक चालत जातात, पण परतायची वेळ पूर्ण ओहोटीच्या आधीच धरा. पाणी फिरल्यावर मुलांना घेऊन त्या पट्ट्यातून चालणं धोक्याचं.

लाटेचा आकडा दोन भागांत वाचा

इन्कॉइसच्या सागरी अंदाजात आणि त्यांच्या 'समुद्र' या ॲपवर लाटांची उंची दिलेली असते. हा आकडा म्हणजे त्या वेळच्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एक मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून पावणेदोन-दोन मीटरचीही लाट येणार, हे धरूनच चाला.

उंचीशेजारी सेकंदांत आवर्तन, म्हणजे एका लाटेमागून दुसरी येईपर्यंतचा वेळ, दिलेलं असतं. बहुतेक लोक ते सोडून देतात, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पाच-सहा सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली असते. ती त्रास देते, ओलं करते आणि वारा पडला की बसते. चौदा-पंधरा सेकंदांची लाट हजारो किलोमीटरवरून, कधी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून आलेली असते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही. उथळ जागी, वाळूच्या दांड्यावर किंवा खडकाजवळ ती उभी राहते आणि मोठ्या ताकदीने फुटते. एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र, वारा नाही, तरी किनाऱ्यावर लाटा वरपर्यंत येतात त्या बऱ्याचदा यामुळे. इन्कॉइस यासाठी वेगळा इशारा देते. 'हवा तर छान आहे' म्हणून तो डावलू नका.

वादळ इकडे आलं नाही तरी त्याची लाट येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळ ओमानच्या दिशेने गेलं, कोकणात जमिनीवर आलंच नाही, तरी किनाऱ्यावर पाणी घुसलं. अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी असेल तर चार दिवस थांबा. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यासाठी जागरूक राहायचे महिने. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं होतं, दिवाळी होऊन गेल्यावर.

वारा

रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा हलका असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट ठेवतो. जमीन तापली की दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. हिवाळा-उन्हाळ्यात हे रोजचं आहे. म्हणून सकाळी सात ते दहा ही होडीची वेळ, आणि कोल्हापूरकरांसाठी त्याचा अर्थ सरळ आहे : आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट असेल तर किल्ला, खरेदी आणि जेवणावर समाधान माना, लांबची होडी पुढच्या खेपेला ठेवा.

अंदाजात वारा नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. दहा नॉटपर्यंत ठीक. त्याच्या वर लाटांचे माथे पांढरे दिसायला लागतात आणि पंधराला सगळीकडे पांढरे ठिपके. घरच्यांसोबत असताना माझी मर्यादा बारा नॉट आणि एक मीटर लाट. हा कुठला सरकारी नियम नाही, पण या मर्यादेत मुलं हसत परत येतात.

इशारे आणि ढग

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि किनारी जिल्ह्यांच्या इशाऱ्याचा रंग बघा. सिंधुदुर्ग नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द. पिवळा असेल तर कारण वाचा : गडगडाटी पावसाचा पिवळा असेल तर दुपार सोडा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर बंदरातच वादळी वाऱ्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. त्यानंतर चौकशी करायची गरज नाही.

वळिवाच्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. वीज कुठे पडतेय हे ते दाखवतं. उघड्या होडीत विजेपासून आडोसा नसतो, त्यामुळे पहिल्या गडगडाटाला किनारा गाठायचा. आणखी एक गोष्ट घाटावरच्यांनी ध्यानात ठेवावी. ऑक्टोबरात सह्याद्रीवर जोराचा पाऊस झाला की कर्ली, गड यांसारख्या आखूड नद्यांतून ते पाणी काही तासांत खाडीत उतरतं. मालवणात ऊन असलं तरी खाडी गढूळ होते, ओंडके वाहत येतात आणि ओहोटीला बळ येतं. घाटात धो-धो पाऊस लागला असेल तर खाडीतली फेरी दुसऱ्या दिवसावर टाका.

धक्क्यावर पोचल्यावर

तिकीट काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उभं राहून बघा. लाटा गटागटाने येतात. दोन मिनिटं शांत दिसलं म्हणून काही ठरत नाही. नांगरलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत बघा : वारा फार नसेल तर त्या ओढ्याकडे तोंड करून राहतात. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाण्याच्या वर ओली रेघ दिसली तर पाणी उतरतंय. मच्छीमारांच्या लहान होड्या सगळ्या किनाऱ्यावरच ओढलेल्या असतील तर का, ते विचारा.

मग तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, बोला. 'दादा, पाणी भरतंय की सुकती लागलीय? संगमावर लाट कशी आहे? परत किती वाजता?' असे तीन प्रश्न पुरतात. तो नको म्हणाला तर वाद घालू नका, जास्त पैसे देऊ करू नका. 'एवढ्या लांबनं आलोय ओ, एक फेरी मारा की' हे आपल्याकडचं वाक्य मला समुद्रावर नको वाटतं. ते ऐकून माणसं भिडेखातर होडी काढतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, बक्कल लावून, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एक माणूस जरी जास्त असेल तर पुढची होडी घ्या.

स्वतःची कयाक नेणाऱ्यांसाठी

रंकाळ्यावर किंवा राधानगरीच्या पाण्यावर हात बसलेले काही जण आता स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, गाडीच्या टपावर बांधून नेतात. त्यांनी सकाळच्या मतलईपासून सावध राहावं. किनाऱ्याआड पाणी आरशासारखं दिसतं, पाठीवर वारा असतो, बाहेर जाणं सोपं वाटतं आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. आधी वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा आणि परतताना त्याची मदत घ्या. किनाऱ्याला समांतर राहा. खाडीत जायचं तर चढत्या पाण्याबरोबर आत, आणि पाणी फिरून ओढा लागण्याआधी परत. आठ नॉटच्या वर वारा असेल तर नवख्यांनी खाडीच्या आतच थांबावं. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत अंगाला बांधलेला आणि शिट्टी गळ्यात असावी. कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा.

अडचण आलीच तर तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन ११२. तिन्ही क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घाला. बोलताना आधी जागा सांगा : समोर दिसणारा किल्ला, दीपगृह किंवा किनाऱ्याचं नाव आणि अंदाजे अंतर. मग माणसं किती, जॅकेट आहेत का, होडी तरंगतेय की उलटलीय. उलटली असेल तर पोहत किनारा गाठायचा प्रयत्न करू नका. होडीला धरून एकत्र राहा.