निवृत्तीनंतर लिहायला बसताना: एका लॉगबुकवाल्याच्या सूचना

मी चौतीस वर्षं वीजनिर्मिती केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली. दर तासाला रीडिंग घ्यायचं, लॉगशीटवर भरायचं. बेअरिंगचं (म्हणजे यंत्राचा फिरता दांडा पेलणाऱ्या भागाचं) तापमान, व्होल्टेज, मेगावॅट, पाण्याची पातळी. माझ्या हस्ताक्षरातले लाखो आकडे कुठल्यातरी कपाटात पडून असतील, नाहीतर एव्हाना रद्दीत गेले असतील. त्यामुळे निवृत्त झाल्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं, आपला हात तर चालूच आहे. चार पानांचा पहिला लेख बायकोच्या हातात दिला. तिनं तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, काय काय झालं ते कळलं. पण तुम्ही होतात का तिथे?"

ती बरोबर होती. माझ्या लॉगबुकातली एक नोंद अशी असायची: "२२.०० वा. युनिट २ च्या बेअरिंगचा आवाज तपासण्यात आला. समाधानकारक." लेखातही मी जवळपास हेच लिहिलं होतं, फक्त 'समाधानकारक'च्या जागी 'उत्तम' घातलं होतं.

खरं काय घडायचं? आमचे एक जुने हेल्पर होते. खिशात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक ते बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मशीनच्या त्या घरघराटात शेजारच्याला ओरडून सांगितलेलं ऐकू येत नसे, आणि हा माणूस कुणाची तरी कुजबुज ऐकल्यासारखा मान तिरकी करून उभा. मग डोळे उघडून म्हणायचे, "झोपलंय." म्हणजे सगळं ठीक. एका रात्री म्हणाले, "कुरकुरतंय." मी काटा पाहिला, तापमान जिथल्या तिथे. मी लॉगबुकात लिहिलं, "निरीक्षणाखाली." दुसऱ्या दिवशी काटा चार अंश वर होता.

लेख तिथून सुरू करायला हवा होता, स्क्रू ड्रायव्हरपासून. हे मला कळायला आठ महिने लागले, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो. आपल्या नोकरीनं आपल्याला एक भाषा लावलेली असते आणि ती अंगात मुरलेली असते. माझी 'करण्यात आले'ची. हिशेब सांभाळलेले लोक आठवणींचाही ताळेबंद मांडतात. माझा एक शिक्षक मित्र प्रत्येक लेखाच्या शेवटी बोध देतो. सांगून पाहिलं, सुधारत नाही. पहिला मसुदा त्या भाषेत येणारच, येऊ द्या. मग लाल पेन घ्या आणि 'सदर', 'उपरोक्त', 'निदर्शनास आले', 'करण्यात आले' यांच्याखाली रेघ ओढा. प्रत्येक रेघेपाशी स्वतःला विचारा: हे कुणी केलं? त्याच्या हातात काय होतं? तो काय बोलला? या तीन प्रश्नांवर माझे निम्मे लेख उभे आहेत.

आता सुरुवात कुठून करायची. 'माझा जन्म' इथून करू नका. मी केली होती. अकराव्या पानावर मी अजून चौथीत होतो आणि मलाच कंटाळा आला होता. आत्मचरित्राचा बेत बाजूला ठेवा, एक प्रसंग घ्या, दोन पानांत संपवा, मग दुसरा. क्रम लागत नाही म्हणून अडू नका, तो नंतर लावता येतो. विषय सुचत नसेल तर वयाच्या दहा ते तीस या वर्षांत जाऊन बघा. उतारवयात माणसाला इतर काळापेक्षा याच वर्षांतलं जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतं, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. शाळा संपणं, पहिली नोकरी, पहिलं घर, सगळं पहिल्यांदा घडण्याचा तो काळ. माझं तर अगदी तसंच आहे. पन्नाशीतली बढती मला धूसर आठवते, पण पहिल्या रात्रपाळीला माझ्या हातातली टॉर्च कशी चाचपडत होती ते आजही दिसतं.

दुखऱ्या आठवणींचं गणित वेगळं आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावलं. लिहून उठताना ही मुलं जास्त उदास होती, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून अशा विषयावर जरूर लिहा, पण त्या दिवशी मन जड होईल हे धरून चाला, आणि ते कुणाला दाखवायचंच असं नाही. माझी अशी एक वेगळी वही आहे. ती मी टाइप करत नाही.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. 'आता काय, अख्खा दिवस मोकळा' या समजुतीनं निवृत्त माणसाचं लिखाण जेवढं मारलं तेवढं आळसानंही मारलं नसेल. मोकळा दिवस कुठेही सांडतो. मी सकाळी चाळीस मिनिटांचा गजर लावतो. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबतो आणि वहीच्या तळाशी उद्यासाठी एक ओळ लिहितो. पाळी बदलताना आम्ही रिलीव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, चार्ज द्यायचो ना: युनिट १ चालू, युनिट २ देखभालीला, अमुक पंपावर लक्ष ठेव. तसंच. "स्क्रू ड्रायव्हरवाल्याचे बूट कसे होते ते लिही. त्याला उगाच मोठा करू नकोस." दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसावं लागत नाही, कालचा मी आजच्या मला चार्ज देऊन गेलेला असतो. माझ्याकडून कुठलीही एकच युक्ती घेणार असाल तर ही घ्या.

टायपिंगपाशी बरेच जण गळतात, म्हणून जरा सविस्तर. मी आधी बोलून टाइप करून पाहिलं. फोनवरच्या कीबोर्डवर माइक दाबायचा आणि मराठीत बोलायचं. अक्षरं बऱ्यापैकी बरोबर उमटतात. पण पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही आणि 'बेअरिंग'चं दर वेळी काहीतरी भलतंच. हात दुखत असतील, नजर कमी असेल तर ही सोय वरदान आहे. मला मात्र बोललेलं वाचताना आपण कुणाशी तरी फोनवर गप्पा मारतोय असं वाटायचं. दुसरा मार्ग इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवण्याचा. तो एका दिवसात जमतो आणि जन्मभर थोडा थोडा छळतो, कारण यंत्र तुमच्या मनातला शब्द ओळखू पाहतं आणि चुकतं.

मी शेवटी इन्स्क्रिप्ट शिकलो, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये भाषांत मराठी जोडली की हा कीबोर्ड मिळतो. विंडोजवर विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. त्याची रचना कंट्रोल पॅनलसारखी समंजस आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. एचवर प, शिफ्टनं फ. डी म्हणजे पाय मोडणं, म्हणजे जोडाक्षर करायचं असेल तर मधे डी. 'तऱ्हा' लिहिताना भले भले अडतात. तिथे एल, शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई. पहिल्या आठवड्यात एक परिच्छेद लिहायला तास लागायचा आणि मी दोनदा सोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप जायला लागली.

एक चूक मात्र करू नका. मी सुरुवातीची साठ पानं एका जुन्या फाँटमध्ये टाइप केली, कुणाच्या तरी सल्ल्यावरून. माझ्या पडद्यावर सुंदर दिसायची. भावाला पाठवली तर त्याच्याकडे कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फाँटमध्ये आतून इंग्रजी चिन्हंच असतात, वरून त्यांना देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. तो फाँट समोरच्याकडे नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे लेख कुठल्याही फोनवर मराठीच दिसतो आणि शोधलाही जातो. साठ पानं पुन्हा टाइप केली. निम्मी त्या निमित्तानं गाळली, हा फायदाच म्हणायचा.

शुद्धलेखनाचा धसका घेऊ नका, पण बेफिकीरही राहू नका. दोनच गोष्टी सांभाळल्या तरी वाचणाऱ्याचे डोळे अडखळत नाहीत. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो सहसा दीर्घ ('आणि'सारखे थोडे अपवाद सोडून), आणि शब्दाला प्रत्यय लागला की त्याच्या आधीचा दीर्घ बहुधा ऱ्हस्व होतो: पूल पण पुलावर, जमीन पण जमिनीत. दुसरं म्हणजे 'केलं' लिहायचं की 'केले' ते एकदा ठरवा आणि एका लेखात एकच ठेवा. मी 'केलं'वाला आहे. 'केले' लिहिलं की माझ्यातला लॉगबुकवाला जागा होतो.

लेख झाला की दोन दिवस झाकून ठेवा आणि मग मोठ्यानं वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं. पहिला परिच्छेद काढून टाकून बघा. माझ्या दहातल्या सात लेखांत तो नुसता घसा खाकरणं असतो.

मग लोकांसमोर ठेवायचं का? तुमची मर्जी. ठेवायचंच असेल तर ब्लॉग सोपा आहे. त्यासाठी 'ब्लॉगर' नावाची सेवा १९९९ पासून आहे, 'वर्डप्रेस' २००३ पासून, दोन्हीकडे फुकट सुरुवात करता येते आणि खातं उघडणं ईमेल उघडण्याइतकंच कटकटीचं आहे. रंग, चित्रं, सजावट यात पहिला महिना घालवू नका. मी घालवला होता, लेख शून्य होते. अक्षर मोठं ठेवा, कारण वाचणारे आपल्याच वयाचे असतात. फोटो स्वतः काढलेला किंवा घरातल्या अल्बममधला असावा. इंटरनेटवर सापडलेला फोटो कुणाचा तरी असतोच. आणि वाचकसंख्येचा आकडा रोज बघू नका, हे मी तासातासाला रीडिंग घेणारा माणूस सांगतोय. माझे नियमित वाचक चौदा आहेत. त्यातल्या एकानं मला बेअरिंगविषयीची चूक दाखवली, तोही निवृत्त निघाला.

हयात माणसांविषयी लिहिताना मी एक नियम पाळतो: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवतो. स्क्रू ड्रायव्हरवाले आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडे आहे अजून." लेखाचा शेवट मला तसा मिळाला. मेहुण्याविषयीचा लेख मात्र त्याच्या एका 'नको'वर बंद केला. चांगला झाला होता, तरीही.

शेवटचं काम बहुतेक लोक टाळतात. फुकटची जागा दुसऱ्याची असते. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लाखो लोकांची पानं होती, २००९ च्या ऑक्टोबरात ते बंद झालं आणि ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांच्यातल्या अनेकांचं लिखाण गेलं. म्हणून दर तीन महिन्यांनी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि जे जपावंसं वाटतं ते कागदावर छापून ठेवा. गूगलचं खातं असेल तर आणखी एक गोष्ट. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या मजकुरासकट काढून टाकण्याचं धोरण गूगलनं २०२३ मध्ये आणलं. त्यावर उपाय त्यांच्याच सेटिंग्जमध्ये आहे, 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावानं. इतके महिने मी दिसलो नाही तर अमक्याला कळवा आणि माझं लिखाण त्याच्या हाती द्या, असं तिथे लिहून ठेवता येतं. मी मुलीचं नाव दिलंय. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, असलं काय बोलता!" मी म्हटलं, "अगं, पाळी बदलताना चार्ज द्यावाच लागतो."

गजर झाला. वहीच्या तळाशी उद्यासाठी: "पहिल्या रात्रपाळीची टॉर्च. सेल कुणी काढून घेतले होते ते लिहायचं की नाही, ते त्यालाच फोन करून विचार."