माँटेव्हिडिओत फ्लॅट घेण्याआधी वस्त्या फिरून घ्या

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इथे, उरुग्वेच्या राजधानीत, येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: पहिला महिना भाड्याच्या करारावर सही करू नका. कंपनीनं दिलेल्या खोलीत राहा, नाहीतर महिन्याच्या बोलीवर एखादी जागा घ्या आणि शहर पायी हिंडा. आपली माणसं बहुधा थेट पोसितोस ही किनाऱ्यावरची वस्ती गाठतात, कारण ओळखीचे सगळे तिथेच राहतात. पोसितोस चांगलंच आहे. समोर वाळूचा किनारा, कोपऱ्याकोपऱ्यावर बेकरी आणि दुकानं, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर माणसं. पण भाडं चढं, आणि ऑफिसची बस, किनारा आणि मॉल एवढ्यात दोन वर्षं सरतात. मग परत जाताना लोक म्हणतात, शहर तसं शांतच आहे, बघायला फार काही नाही. हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं.

इथल्या प्रत्येक वस्तीचा आपला वार असतो, आपली वेळ असते. ती चुकली तर वस्ती दिसतच नाही. सिउदाद विएहा, म्हणजे जुनं शहर, बघायचं ते कामाच्या दिवशी दुपारी. बँका, वकिलांची ऑफिसं, जेवणाच्या सुट्टीत सारांदी रस्त्यावर चालणारी गर्दी. स्वातंत्र्य चौकातून, म्हणजे प्लासा इंदेपेंदेन्सियातून सुरुवात करा. चौकाच्या कडेला १९२८ साली पूर्ण झालेला पालासियो साल्वो उभा आहे, पलीकडे १८५६ चं सोलिस नाट्यगृह. तसंच उतरत बंदरापर्यंत गेलात की १८६८ चा मेर्कादो देल पुएर्तो लागतो. लोखंडी छताखाली लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजत असतात. शाकाहारी असाल तरी आत जा. भाजलेलं प्रोवोलोन चीज आणि ढोबळी मिरची मिळते. मात्र ऑफिसं सुटली की हा भाग झपाट्यानं ओस पडतो. रविवारी संध्याकाळी तिथल्या आडरस्त्यांवर मोबाइल हातात धरून फिरू नका.

रविवारची संध्याकाळ बार्रिओ सुर आणि पालेर्मो या शेजारशेजारच्या वस्त्यांसाठी ठेवा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचा हा भाग, आणि कांदोम्बे हे ढोलांचं वादन-नाच इथलंच. कोपऱ्यावर कागद-लाकडं पेटवून ढोलांची कातडी शेकतात, अगदी हलगी शेकतात तशी. मग चीको, रेपीके आणि पियानो असे तीन आवाजांचे ढोल खांद्याला अडकवून रांगा चालू लागतात. चीको एकच ठेका धरून ठेवतो, रेपीके त्याच्याशी खेळतो, पियानो खालून भक्कम आधार देतो. मागेपुढे नाचणारे, बाजूनं चालणारे शेजारी, कडेवर पोरं. हे पर्यटकांसाठी मांडलेलं नसतं. म्हणून वादकांच्या रांगेत घुसू नका, बाजूनं त्यांच्या चालीनं चाला, फोटो विचारून काढा. याच भागात मेदिओमुंदो नावाची चाळ होती. लष्करी राजवटीनं १९७८ मध्ये ती रिकामी करून पाडली. तिथे शेवटचे ढोल वाजले तो ३ डिसेंबर आता राष्ट्रीय कांदोम्बे दिन म्हणून पाळतात, आणि २००९ मध्ये युनेस्कोनं कांदोम्बेला आपल्या वारसा यादीत घेतलं. फेब्रुवारीत इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर ल्यामादास ही कांदोम्बेच्या ढोलपथकांची मोठी मिरवणूक निघते, तिची तिकिटं लागतात. रविवारचं बघायला काहीच लागत नाही.

त्याच दिवशी सकाळी कोर्दोनमध्ये त्रिस्तान नारवाहाचा बाजार भरतो. जुनी पुस्तकं, नाणी, पितळी नळ, भाजी, सगळं रस्त्यावर, आणि फाटे फुटत फुटत बाजार शेजारच्या गल्ल्यांत शिरतो. पण रोजच्या भाजीसाठी तुमच्या वस्तीतली फेरिया शोधा. ठरलेल्या वारी ठरलेल्या रस्त्यावर भरणारा हा आठवडी बाजार सुपरमार्केटपेक्षा ताजा असतो. लाल भोपळा आणि रताळी भरपूर मिळतात, त्यामुळे उपासाची काळजी नको. भाजीवाल्याला तुमचा चेहरा ओळखीचा झाला की तुमचं स्पॅनिशही सुधारू लागतं. आणि कुठल्याही साध्या पिझ्झेरियात फाइना मागा. हरभऱ्याच्या पिठाचा, तेल घालून भट्टीत भाजलेला हा तुकडा खाल्ला की भुकेचा प्रश्न सुटतो. हेच पीठ घरी भज्यांना चालतं.

पुंता कारेतासचा मॉल सगळेच बघतात, पण ती इमारत पूर्वी तुरुंग होती हे कुणी सांगत नाही. १९७१ मध्ये शंभरावर कैदी भुयार खणून तिथून निसटले. त्यांच्यात होसे मुहिका होते, जे २०१० ते २०१५ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रादोला वसंतात जा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास; गुलाबांची बाग तेव्हा फुललेली असते. सेर्रो ही पूर्वीच्या मांस-कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. टेकडीवरच्या किल्ल्यावरून सगळं बंदर दिसतं. तिथे दिवसा आणि इथल्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर जा.

आता घराचं. झोनामेरिका या कंपन्यांच्या संकुलात काम असेल तर ते रुटा ८ या महामार्गावर शहराबाहेर आहे. पोसितोसपेक्षा मालविन किंवा कारास्को त्या बाजूला जवळ पडतं. मालविन मला स्वतःला फार आवडतं: बैठी घरं, झाडं, किनारा, आणि पोसितोसची दाटी नाही. फ्लॅट बघताना खिडक्या उत्तरेला आहेत का हे आधी पाहा. आपण दक्षिण गोलार्धात आहोत, ऊन उत्तरेकडून येतं. दक्षिणेच्या खोलीत जून ते ऑगस्ट भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते. भाड्याशिवाय इमारतीचा मासिक खर्च, गास्तोस कोमुनेस, वेगळा असतो. तो किती आणि त्यात हीटिंग धरलंय का, हे सहीआधी लेखी घ्या. घरमालक गारांतियाही मागतो. ती विमा कंपनीची हमी असू शकते किंवा बँकेत अडकवलेली ठेव. नवख्या माणसाचं घोडं इथेच अडतं, तेव्हा कंपनी त्यात काय मदत करते हे भारतातून निघण्याआधीच विचारा.

इथे मेट्रो नाही, सगळी भिस्त बसवर. आल्या आल्या एसटीएम हे बसचं कार्ड काढा. पत्ता सांगताना लोक घर क्रमांकाआधी दोन रस्त्यांचा कोपरा सांगतात, तुम्हीही तसाच लक्षात ठेवा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आलात तर दिया देल पात्रिमोनियोची, म्हणजे वारसा दिनाची, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणाऱ्या कितीतरी इमारती सगळ्यांना फुकट खुल्या असतात. रांगा लांब लागतात, सकाळी लवकर निघा.