डेप्थ फाइंडर बसवताय? या चुका टाळा

पावसाळा संपून शिडाच्या होड्या पाण्यात उतरल्या की मुंबई बंदरात त्याच तक्रारी ऐकू येतात. पाण्याची खोली दाखवणाऱ्या डेप्थ फाइंडरचा आकडा उड्या मारतो, पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. यंत्र बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

पहिला मान ऑफसेटचा, म्हणजे मोजलेल्या आकड्यात करायच्या दुरुस्तीचा. ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, खोली मोजतो ती स्वतःच्या तोंडापासून, कीलच्या (होडीच्या बुडाखालच्या कण्याच्या) तळापासून नव्हे. कील त्याच्या ९० सेंटिमीटर खाली असेल तर सेटिंगमध्ये उणे ०.९ भरायचं. माझ्या एका मित्राने घाईत अधिक ०.९ भरलं. मांडव्याजवळ ओहोटीच्या पाण्यात शिरताना गडी ऐटीत आकडे सांगत होता. पडद्यावर १.८ मीटर, आणि होडी गाळात! दिवस उधाणाचे. भरतीचं पाणी परत चढेपर्यंत आम्ही कलंडलेल्या होडीत चिवडा खात बसलो, आणि साहेब यंत्र बनवणाऱ्याला शिव्या देत होते.

मी मोसमाच्या सुरुवातीला धक्क्यालाच दोरीला शिसं बांधून पाणी मोजतो आणि त्यातून होडीचा ड्राफ्ट, म्हणजे ती पाण्यात किती खोल बुडते ते, वजा करतो. पडद्यावरचा आकडा त्याच्याशी जुळला तरच बाहेर पडायचं. मॅन्युअल न उघडणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

दुसरी चूक, भोक नको म्हणून ट्रान्सड्यूसर आतून कुठेही चिकटवणं. आतून बसवणं मलाही आवडतं, पण सलग फायबरग्लासवरच. मध्ये फोम किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा थर असेल तर ध्वनिलहरी तिथेच विरतात. चिकटवायच्या इपॉक्सीत हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच, म्हणून झटपट सुकणारं इपॉक्सी नको. बुडबुड्यांना वर यायला वेळच मिळत नाही. आधी होडी पाण्यात असताना तळ आतून ओला करा, त्यावर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा आणि तिच्यात ट्रान्सड्यूसर उभा धरून बघा. आकडा स्थिर राहिला तर जागा बरोबर. ही चाचणी टाळणारे पुढे छिन्नी घेऊन तेच इपॉक्सी खरवडताना दिसतात.

केबल लांब वाटली तरी कापू नका, आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरीपासून दूर ठेवा. बाहेरून बसवलेल्या ट्रान्सड्यूसरला तळाचा नेहमीचा रंग फासू नका. त्यासाठीचा वॉटर-बेस्ड रंग मिळतो, तो पातळ लावा. फूट की मीटर, ते निघण्याआधी बघा. आकडा लुकलुकायला लागला तर बऱ्याच यंत्रांत त्याचा अर्थ तळ सापडत नाहीये आणि समोर दिसते ती शेवटची जुनी खोली. तिच्यावर विसंबून खाडीत वळू नका.