हायब्रिड गाडीचा हीटर कोमट पडलाय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

हीटरमधून कोमट वारा येतोय म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंटचं तापमान राखणाऱ्या झडपेवर जातो. नेहमीच्या पेट्रोल गाडीत हा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरतो. हायब्रिडमध्ये मात्र त्याच अंदाजापायी चांगला थर्मोस्टॅट काढून फेकला जातो, आणि नवीन बसवल्यावरही वारा कोमटच राहतो.

याचं मूळ गाडीच्या रचनेत आहे. केबिनला मिळणारी ऊब म्हणजे इंजिनाची वाया जाणारी उष्णता. गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून, म्हणजे छोट्या रेडिएटरसारख्या भागातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. हायब्रिडचं इंजिन मुळातच कमी उष्णता वाया घालवतं. चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिडच्या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता (इंधनाच्या ऊर्जेपैकी कामाला येणारा वाटा) टोयोटाने ४० टक्के सांगितली होती. त्यात सिग्नलला, उतारावर, हळू चालताना ते चक्क बंद असतं. म्हणजे उष्णता आधीच बेताची, आणि तीही अधूनमधून मिळणारी. त्यामुळे हीटरच्या तक्रारीत आधी एकच गोष्ट ठरवायची: उष्णता तयारच होत नाही, तयार होऊन हीटर कोअरपर्यंत पोहोचत नाही, की पोहोचूनही केबिनमध्ये येत नाही? हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

सेटिंगलाच बिघाड समजणं

बऱ्याच हायब्रिडमध्ये इको मोड लावला की इंधन वाचवण्यासाठी हीटरचा जोरही कमी केला जातो. ऑटोवर ठेवलेला ब्लोअर कूलंट तापेपर्यंत मुद्दाम हळू फिरतो. गाडी जेमतेम पाच-दहा मिनिटं चालवून बंद करत असाल, तर इंजिनाला तापायला वेळच मिळत नाही. म्हणून नॉर्मल मोड, तापमान सर्वात वर, एसी बंद, ब्लोअर मधल्या वेगावर, असं ठेवून अर्धा तास सलग गाडी चालवा. एवढ्याने वारा छान गरम झाला तर गाडीत काही बिघडलेलं नाही.

तापमान न मोजता निदान करणं

कित्येक हायब्रिडमध्ये तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापलं की लाल, एवढंच कळतं. त्यामुळे ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघणं मला अत्यावश्यक वाटतं. इंजिन चालू असताना आकडा सहसा ८० ते ९० अंश सेल्सियसच्या आसपास स्थिरावतो.

इथे आकडा वाचतानाच गफलत होते. इंजिन बंद असताना तापमान उतरणं हायब्रिडमध्ये स्वाभाविक आहे, तो थर्मोस्टॅटचा दोष नव्हे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर मोकळ्या रस्त्यावर, इंजिन सलग चालू असतानाही, आकडा साठीत रेंगाळतो आणि रहदारीत अडकल्यावर वर चढतो. सोबत पी०१२८ हा कोड दिसला तर संशय आणखी पक्का होतो. पण कूलंट कमी असलं तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून आधी पातळी बघा.

कूलंट भरून विषय संपवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कूलंट कमी झालं की हवा अडकते आणि हीटरचा प्रवाह तुटतो. डॅशमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, वारा मधेच गरम, मधेच गार होतो. टाकी भरली की दोन दिवस बरं वाटतं. पण बंद प्रणालीतलं कूलंट उगाच कमी होत नाही. ते कुठेतरी जातंय: पाइपच्या जोडातून, वॉटर पंपाच्या सीलमधून, हीटर कोअरमधून (मग पायाशी ओल आणि काचेवर चिकट वाफ), किंवा थेट इंजिनात. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जाण्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होताना थडथडते, कूलंट कमी होतं आणि बाहेर गळतीचा ठिपकाही नसतो, अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली तर हीटर बाजूला ठेवा आणि गॅस्केटची तपासणी करून घ्या.

भरतानाही सावध राहा. बहुतेक हायब्रिडमध्ये कूलंटच्या दोन वेगळ्या टाक्या असतात, एक इंजिनाची आणि दुसरी इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या यंत्राची). हीटरचा संबंध फक्त इंजिनाच्या टाकीशी. झाकणावरची खूण वाचून, उत्पादकाने सांगितलेलंच कूलंट, आणि इंजिन पूर्ण गार असतानाच भरायचं.

भरल्यावर हवा बाहेर काढणं हे वेगळं काम आहे. इंजिन मधेच बंद पडत राहिलं तर हवा सुटत नाही, म्हणून गाडी मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे इंजिन सलग चालू राहील अशा स्थितीत घ्यावी लागते. त्याची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) असेल तर तो वापरायचा. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये वॉटर पंप पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. हवा अडकली की तो मोकळा गरगरतो आणि पी१४८एफ हा कोड टाकतो. तो बघून पंपच बदलायला निघू नका; आधी पातळी आणि हवा.

पाइप न चाचपणं

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणारे हीटरचे दोन पाइप बरंच काही सांगतात. गाडी तापवा, मग गाडी बंद करून डॅशवरचा रेडी दिवा (गाडी चालू असल्याची खूण) विझू द्या आणि त्यानंतरच बोनेटमध्ये हात घाला, कारण रेडी असताना इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतं. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलींना अजिबात हात लावायचा नाही. पाइपही चटका देतील एवढे तापतात, म्हणून हात हळूच टेकवा.

दोन्ही सारखेच गरम असतील तर उष्णता आत पोहोचतेय आणि दोष पुढे आहे: केबिन फिल्टर धुळीने गच्च भरलाय, किंवा गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलीय. तापमान बदलताना डॅशमागे टकटक ऐकू येत असेल तर झडपेच्या मोटरचे दाते गेलेत. एक पाइप गरम आणि दुसरा कोमट असेल तर कोअर तुंबलाय किंवा प्रवाह कमी आहे. स्कॅनरवर कूलंटचा आकडा नव्वदीजवळ असूनही दोन्ही पाइप कोमट, तर पंप, व्हॉल्व्ह किंवा हवा.

दुसऱ्या पिढीच्या प्रियससारख्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या पंपाखेरीज हीटरसाठी एक छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तो गेला की सिग्नलला इंजिन थांबताच वारा गार होतो आणि इंजिन सुरू झालं की पुन्हा गरम. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की तेवढ्यावरून पंपाचा फ्यूज आणि वायरचा प्लग तपासायला घ्यावा.

गळती बुजवणारं औषध ओतणं

बाटलीतलं ते द्रव्य भोक ओळखत नाही. हीटर कोअरच्या नळ्या बारीक असतात, ते तिथेच जाऊन बसतं. तुंबलेला कोअर साफ करायचा असेल तर दोन्ही पाइप सोडवून, उलट दिशेने, कमी दाबाने पाणी सोडावं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर जुना कोअर फुटू शकतो, आणि नवीन बसवायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

काम झाल्यावर पुढचे काही दिवस गाडी गार असताना टाकीवरच्या खुणेशी पातळी ताडून बघा. अडकलेली उरलीसुरली हवा निघते तेव्हा पातळी एकदा थोडी उतरते, तेवढी भरून घ्या. त्यानंतरही ती उतरतच राहिली तर प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधण्याची चाचणी) करून घ्या.