पहिलं चित्रप्रदर्शन भरवायचंय? तारखेपासून उलटं मोजायला लागा

प्रदर्शनाची तयारी म्हटलं की फ्रेम, निमंत्रणपत्रिका आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, यावरच बोलणं सुरू होतं. खरं तर ती तयारी कॅनव्हास ताणतानाच सुरू झालेली असायला हवी. मी कोल्हापुरात तैलरंगात काम करतो आणि चित्रं मुंबईला नेऊन लावतो. या वाटेवर जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

आधी जागा आणि तारीख

मुंबईतल्या काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सुरू झाली, आणि आजही आपल्याकडच्या बहुतेक चित्रकारांचं स्वप्न तीच असते. तिथलं प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. अर्जासोबत कामाचे फोटो द्यावे लागतात आणि निवड झाली तरी पाळी यायला काही वर्षं जातात. म्हणून चित्रं पूर्ण होण्याची वाट न पाहता अर्ज आधी करा. मधल्या काळात राज्य कला प्रदर्शन, 1888 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्रं पाठवत राहा. पहिलं एकल प्रदर्शन गावातच, आमच्याकडच्या शाहू स्मारक भवनासारख्या कलादालनात केलं तर त्यात अजिबात कमीपणा नाही. उलट, भिंतीवर चित्र लावायचा सराव तिथे होतो.

अर्ज भरण्याआधी नियम नीट वाचा. भाडं, अनामत, विक्रीवर कमिशन आहे का, खिळा मारता येतो का आणि भिंत एकूण किती फूट आहे, हे सगळं बघा. चित्रं किती करायची ते भिंतच ठरवते. भिंत 60 फूट आणि चित्रं 3 फूट रुंद असतील, तर दोन चित्रांत 2 फूट जागा सोडून साधारण 12 चित्रं बसतात. वीस नेऊन कोंबू नका.

सुकण्याचा हिशोब

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. तैलरंग ओल्या कपड्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला वेळ लागतो. हाताला कोरडं लागणारं चित्र आतून सहा महिने ते वर्षभर सुकत असतं, जाड थर असेल तर त्याहूनही जास्त. सगळे रंग सारख्या वेगाने सुकत नाहीत. अंबर हा तपकिरी रंग लवकर सुकतो, कारण त्यात मँगनीज असतं. कॅडमियमचे रंग आणि अलिझरीन हा गडद लाल रेंगाळतात. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवायचे आणि वर जाताना तेल वाढवायचं. उलटं केलं की वरचा थर आधी धरतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

म्हणजे पक्कं व्हार्निश, म्हणजे रंग जपणारा शेवटचा पारदर्शक थर, लावायचा असेल तर शेवटचं तैलचित्र उद्घाटनाच्या निदान सहा महिने आधी हातावेगळं व्हायला हवं. त्यानंतर सुचलेलं काम अ‍ॅक्रिलिकमध्ये किंवा जलरंगात करा. तैलरंगातच करायचं असेल तर रंग हाताला कोरडा झाल्यावर रीटचिंग व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, पातळ हात द्या आणि पक्कं व्हार्निश पुढच्या वर्षावर टाका.

कॅनव्हास ताणताना पहिले चार स्टेपल चार बाजूंच्या मध्यावर मारा आणि मग समोरासमोर मारत कोपऱ्यांकडे सरका. टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या. बुरशी बहुतेक वेळा पाठीकडून येते आणि पुढून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वही आणि किंमत

चित्र पूर्ण झालं की त्याच दिवशी वहीत क्रमांक, नाव, माध्यम, उंची, रुंदी आणि वर्ष लिहा. तीच माहिती मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर नको, शाई पुढे उतरू शकते. फोटो काचेची फ्रेम बसवण्याआधी, ढगाळ उजेडात आणि चित्राच्या अगदी मध्यासमोर उभं राहून काढा.

किमतीसाठी मी उंची आणि रुंदीची बेरीज करून तिला एका दराने गुणतो. 24 बाय 30 इंचाचं चित्र म्हणजे 54. दर 400 रुपये धरला तर 21,600. 36 बाय 48 चं 84, म्हणजे 33,600. चौरस इंचाने मोजलं तर हेच दुसरं चित्र पहिल्याच्या जवळपास अडीचपट महाग होतं. दर काहीही ठेवा, पण घरी एक आणि गॅलरीत एक, असं करू नका. आधी पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाचा तो विश्वासघात आहे.

बांधाबांध

पंचगंगेच्या घाटाचं एक चित्र मी थेट बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत ठेवलं होतं. मे महिना होता. मुंबईत उघडलं तेव्हा पहाटेच्या आकाशावर गोल गोल ठसे उमटले होते. ते चित्र लावता आलं नाही. तेव्हापासून रंगावर आधी ग्लासीन, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. गाडीत चित्रं उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून.

भिंतीवर

सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धरा. समजा चित्र 36 इंच उंच आहे. त्याचं अर्धं 18. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 4 इंच खाली येते. 58 अधिक 18, वजा 4, म्हणजे हूक 72 इंचांवर. आधी सगळी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून क्रम लावा, लांबून बघा, बदला आणि मगच वर चढवा. दिवे सगळ्यात शेवटी.

ते सात दिवस

रोज स्वतः बसा. आलेल्या माणसाला दोन मिनिटं एकट्याला बघू द्या. तो वळून तुमच्याकडे बघेल तेव्हा बोला. चित्र विकलं गेल्याची खूण असलेली लाल टिकली आगाऊ रक्कम हातात आल्यावरच लावा. स्वतःच्या मनाने केलेलं चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट जात नाही. लेखी दिलात तरच तो जातो, नाहीतर तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. पावतीवर तसं एक वाक्य लिहा.

सोमवारी चित्रं उतरवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो घ्या. पुढच्या गॅलरीच्या अर्जाला ते जोडता येतात.