रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पूरक गोळ्या घ्यायच्या असतील तर करावयाची तयारी

आईच्या हृदयात कृत्रिम मायट्रल झडप बसवल्यापासून तिला असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतील आकडा; तो जितका जास्त तितके रक्त पातळ) २.५ ते ३.५ या दरम्यान राखावा लागतो. तो एकदा माझ्यामुळे आधी १.७ पर्यंत उतरला आणि मग ५.८ पर्यंत चढला. पुढील तयारी त्यातूनच आली आहे.

प्रथम घरातील सर्व पट्ट्या, डब्या, चूर्णे आणि काढ्यांच्या बाटल्या टेबलावर मांडाव्यात. डॉक्टर 'आणखी काही घेता का?' असे विचारतात तेव्हा आपण 'काही नाही, फक्त कॅल्शियम' असे सांगतो, आणि तिथेच फसतो. आपल्याकडील अनेक कॅल्शियमच्या गोळ्यांत डी३ च्या जोडीला जीवनसत्त्व के२-७ घातलेले असते. रक्त गोठवणारे घटक तयार होण्यासाठी यकृताला जे जीवनसत्त्व के लागते, त्याचाच पुनर्वापर आईची गोळी रोखून धरते; त्यामुळे एका हाताने रोखायचे आणि दुसऱ्या हाताने पुरवायचे, असा प्रकार होतो. के२-७ शरीरात बराच काळ टिकते, म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आहे या भरवशावर राहू नये. पट्टीच्या मागील बारीक अक्षरे भिंगाने का होईना वाचावीत आणि मल्टिव्हिटॅमिनचीही वाचावीत.

आईला मी असेच के२-७ असलेले कॅल्शियम देत होतो, तरीही माझी खरी चूक ही नव्हती. आयएनआर उतरला म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. आठवड्याने मी पट्टी वाचली, मोठा शोध लागल्याच्या थाटात कॅल्शियम बंद केले, आणि ते कोणालाही कळवले नाही. वाढवलेली मात्रा तशीच राहिली, विरोध करणारे के मात्र निघून गेले, आणि काही दिवसांनी दात घासताना आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तेव्हा पूरक गोळी सुरू करताना कळवावे हे सर्वांना ठाऊक असते. बंद करतानाही कळवावे, त्याच दिवशी कळवावे आणि पुढील तपासणी कधी करायची ते विचारून घ्यावे.

पालेभाज्या सोडू नयेत, त्यांचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. गव्हांकुराचा रस आणि शेवग्याच्या पाल्याची पूड मात्र भाजीच्या हिशेबात धरू नयेत, कारण तिथे के एकवटलेले असते आणि 'नैसर्गिक' या शब्दाने ते कमी होत नाही. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, गिंकोच्या, ई जीवनसत्त्वाच्या आणि कर्क्युमिनच्या (हळदीच्या अर्काच्या) कॅप्सूलांची भीती उलट बाजूची आहे: त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आमटीतील हळद आणि फोडणीतील लसूण यांबद्दल घाबरण्याचे कारण नाही. कोएन्झाइम क्यू१० ने गोळीचा परिणाम घटू शकतो. परदेशातील नातलगांनी प्रेमाने आणलेले सेंट जॉन्स वर्ट (उदासीवर घेतली जाणारी वनस्पती) घेऊच नये, कारण ते वॉरफरिन या आईच्या गोळीसारख्याच औषधाप्रमाणे अपिक्साबान या वेगळ्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचाही जोर कमी करते.

अपिक्साबान किंवा त्याच प्रकारच्या रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान या गोळ्या घेणाऱ्यांना जीवनसत्त्व के ची चिंता नसते. मात्र त्यांच्यासाठी नियमित आयएनआर तपासणीही नसते, त्यामुळे काही बिघडत असल्यास आधी कागदावर दिसत नाही.

डॉक्टरांनी होकार दिल्यास आधी आयएनआर करून घ्यावा, एका वेळी एकच नवी गोळी सुरू करावी, वहीत तारीख, नाव आणि कंपनी लिहावी, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा तपासावे. कंपनी एवढ्यासाठी, की औषधवाले 'तेच आहे' म्हणून दुसरी पट्टी देतात आणि त्या पट्टीत के२-७ असू शकते किंवा नसूही शकते. नसेल तर तेही एक प्रकारे बंद करणेच झाले. मग कळवावे, हे पुन्हा सांगतो.

पुढचे थोडक्यात. काळी शौच, लालसर लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालयात जावे. दंतवैद्याला आधी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेऊ नये. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या यादीचा कागद पाकिटात ठेवावा. आणि पूरक गोळ्यांची डबी संपली, नवी आणायची राहून गेली, तरी ती गोळी बंदच झाली असे धरून फोन करावा.