मृगाआधीची तयारी : गावाच्या पाण्याची डिजिटल नोंद

माण, खटाव, जत, आटपाडी या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत ज्या गावाला पाण्याची नोंद मोबाइलवर ठेवायची आहे, त्याने मे महिन्यातच तयारीला लागावे, कारण पाण्याच्या ताळेबंदाचे, म्हणजे जमा-खर्चाच्या हिशेबाचे, वर्ष 1 जूनला सुरू होते.

सर्वप्रथम निरीक्षण विहिरी, म्हणजे ज्यांची पातळी नेमाने मोजायची त्या विहिरी, ठरवाव्यात. एक ओढ्याकाठची, एक माळावरची आणि एक गावठाणाजवळची तरी असावी. बेसॉल्टच्या कातळात भेगा जातील तसे पाणी झिरपते आणि शेजारच्या दोन विहिरींची पातळीही जुळेलच असे नाही. कठड्यावर तैलरंगाची खूण करून दर वेळी तिथूनच मोजावे व कठड्याची उंची वजा करावी. पहाटे, मोटर सुरू होण्याआधी, खडू चोळलेली पोलादी टेप पाण्यात सोडावी. खुणेवरचा आकडा आणि खडू भिजल्याची रेघ यांतला फरक म्हणजे पातळी. हा हाताने घेतलेला आकडा वहीत लिहिल्याशिवाय विहिरीत पातळी मोजणारा सेन्सर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र चुकू लागले, तर ते पडताळायला हाच आधार असतो.

जलकुंभावरच्या, ध्वनिलहरी सोडून पाण्याची पातळी मोजणाऱ्या पातळीमापकाची जागा विशेष जपून निवडावी. आमच्या गावात तो पहिल्या वर्षी पाणी पडणाऱ्या पाइपाजवळ बसला. उसळत्या पाण्यावरून ध्वनिलहरी परतत आणि टाकी अर्धी असताना मोबाइल ती पाऊण भरल्याचे दाखवी. त्या भरवशावर वॉल्व्ह सोडले गेले आणि वरच्या आळीतल्या बायका दोन दिवस रिकाम्या घागरी घेऊन बसल्या. शिवाय एका रात्री सगळे वॉल्व्ह बंद ठेवून पाहावे : 5 मीटर व्यासाच्या टाकीत पातळी 10 सेंटिमीटर उतरली, तर सुमारे 1,960 लिटर पाणी कुठेतरी गळते आहे.

जलजीवन मिशनच्या माणशी रोजच्या 55 लिटरच्या निकषाने 900 वस्तीला रोज 49,500 लिटर लागतात. ही मागणी आधीच मांडून ठेवावी. पर्जन्यमापक झाड-भिंतींपासून दूर उघड्यावर असावा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर. मोबाइलची रेंज आणि वळिवाच्या विजांसाठी अर्थिंग तपासून घ्यावे.

पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये न ठेवता ग्रामपंचायतीत बंद पाकिटात ठेवावा आणि मोजणीसाठी दोन माणसे नेमावीत. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या विहिरींच्या मोजणीनंतर रब्बीची पिके ठरवणाऱ्या ग्रामसभेची तारीख मात्र आताच धरून ठेवावी.